तेरा पावणेदहा

हात सुटला.

सासूबाईंचा हात माझ्या हातात होता आणि मग नव्हता, एवढंच कळलं. कमरेच्या वर पाणी, खांद्यावर अडीच वर्षांची सावी, तिने माझे केस दोन्ही मुठींत धरलेले, पायाखाली नुसता चिखल, आणि चार पावलं पुढे जाऊन वळून बघते तर आई, सासूबाईंना मी आईच म्हणते, आठ-दहा हात मागे छातीएवढ्या पाण्यात उभ्या. उभ्या कसल्या, रुतलेल्या. फक्त एक हात वर. मला वाटलं मला बोलवतायत. मग दिसलं, त्या हातात पिशवी आहे, पिशवीत देवाच्या ओटीचे तांदूळ, ते भिजू नयेत म्हणून हात वर केलाय. मदतीसाठी नाही.

पलीकडच्या काठावर ढोल वाजत होता. देव पोचले होते, माणसं पोचली होती, बाकीच्या बायकाही पोचल्या होत्या. खाडीत राहिलो होतो आई, मी, माझी जाऊ सुमन आणि सावी.

काजू मोहरला की मला तो हात दिसतो.

आता माघ चालू आहे. परसातला काजू मोहरलाय, त्याचा तो गोडूस, जरा डोक्यात जाणारा वास सकाळी दार उघडलं की अंगावर येतो. थंडी पहाटेपुरती उरलीय. सड्यावरचं, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावरचं, गवत वाळलंय, कातळ दुपारचा तापायला लागलाय. आणि माझ्या टाचा खाजायला लागल्यात. खरंच सांगते. हवा बदलली की कुणाला शिंका येतात, माझ्या टाचांना वाट आठवते.

आमचं सासरचं गाव डोंगराच्या बाजूला. भात, काजू, चार आंब्याची झाडं. समुद्र गाडीने दीड तासावर, चालत दोन दिवसांवर. दर काही वर्षांनी गावच्या देवाला कौल लावतात, आणि देवाने होय म्हटलं की देव चालत कुणकेश्वराला जातात. शिवरात्रीला तिथे पोचायचं, दुसऱ्या दिवशी अवसेला समुद्रात आंघोळ करायची, आणि परत यायचं. देव म्हणजे आमचे तरंग, उंच काठ्या, त्यांना लुगडी गुंडाळलेली, वर चांदीचा मुखवटा. ते खांद्यावर घेणारे पुढे, मग देवावर धरायची छत्री, अब्दागीर, मग ढोल, मग पुरुष, शेवटी आम्ही बायका. पायात चप्पल नाही. गाडीत बसायचं नाही. वाट तीच, आजे-पणजे गेले ती. आता खाडीवर पूल झालाय, पण देव पुलावरून जात नाहीत, देव पुलाच्या आधीपासून जातायत. आणि एकदा निघालं की तीर्थ होईपर्यंत मागे फिरायचं नाही, कुणाचं काही राहिलं, पडलं, विसरलं, तरी नाही.

मी त्या वाटेने दोनदा गेलेय. शिवाय लग्न झाल्यापासून कुठलीही जत्रा असो, मी चालतच जाते. माझ्याइतकं चालणारी बाई आमच्या वाडीत दुसरी नाही, हे मी नाही, बाकीच्या बायका म्हणतात, आणि त्या म्हणतात तेव्हा मी खाली बघते, पण ऐकून घेते.

तशी मी भित्री. पालीला भिते, विजेला भिते, पोरीला ताप आला की अर्धी मरते. शाळेत गणिताच्या बाई फळ्याजवळ बोलवायच्या तर मला घाम फुटायचा, नववीत शाळाच सुटली, सुटली म्हणजे मीच सोडली. कुठल्या ऑफिसात सही करायची झाली तर सावीच्या बाबांना पुढे करते, तिथली माणसं आमच्यासारखं बोलत नाहीत. पण वाटेवर पाय ठेवला की भीती कुठे जाते कोण जाणे. कातळ तापलेला असला तर सगळा तळवा एकदम टेकायचा, टाच आधी टेकली की भाजतं. उतारावर गुडघा सैल सोडायचा. पाय सुजले की बसायचं नाही, उभ्या उभ्याच दम खायचा, कारण बसलेला पाय उठत नाही. रात्रीचा मुक्काम आला की टाचेच्या भेगांत भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, कढत करून भरायचं, डोळ्यातून पाणी येतं पण सकाळी पाय नवा होतो. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. आणि पहिल्या वर्षी यातलं मला एकही येत नव्हतं.

पहिल्या वर्षी मी नवी सून. माहेर मालवणच्या बाजूला, घराच्या मागल्या दारी समुद्र. वाळूत चाललेले पाय. गाव सोडून तास झाला नव्हता तर मागून आई म्हणाल्या, "गो, ह्या काय चालणा? वाळयेत चालल्यासारी पाय ओढतंस. कातळ आसा हो, कातळ. तुज्या बापाशीची वेळ न्हय."

वेळ म्हणजे समुद्राचा किनारा. बायका हसल्या. मीही हसले, पण कान तापले. मग मी आईंच्या मागे चालायला लागले, त्या पाय ठेवतील तिथे पाय ठेवत. त्यांचा डावा गुडघा तेव्हाच दुखायचा, पण बघणाऱ्याला कळायचं नाही. पाठ ताठ, पदर कमरेला खोचलेला, नजर तरंगाच्या टोकावर. दोन दिवस मी त्यांच्या टाचा बघत चालले. वाटेवरची करवंदीची जाळी, ओढ्याएवढे व्हाळ, दगडी गडग्यांमधल्या चिंचोळ्या पाणंदी, दारादारात पाण्याची घागर घेऊन उभ्या राहिलेल्या बायका, काही मला आठवत नाही. आईंच्या टाचा आठवतात, भातखाचरासारख्या भेगा पडलेल्या.

कुणकेश्वराला पोचलो तेव्हा त्या मागे वळून म्हणाल्या, "इलंस तर." आलीस तर, एवढंच. पण माझ्या लग्नात मला कुणी दिलं नव्हतं असं काहीतरी मला त्या दोन शब्दांत मिळालं.

दुसऱ्या खेपेला सावी अडीच वर्षांची. सगळे म्हणाले पोरीला ठेवून जा, तर मी म्हटलं, ती देवाची, ती पण येईल. गर्व होता, नाही कशाला म्हणू. पोर खांद्यावर, डोक्यावर कणगीचे कंद उकडून बांधलेलं गाठोडं, आणि तरी बायकांच्या पुढे मी. आई आता माझ्या मागे. त्यांचा गुडघा पुरता गेला होता, पण बोलायची सोय नव्हती. सुमनवयनी माझ्या बाजूला, ती तिसऱ्या डोंगरापलीकडची, तिने आयुष्यात घागरीतल्या पाण्यापेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं. आदल्या दिवसापासून एकच विचारत होती.

"खाडयेत पाणी कितक्या आसतला गो?"

"घोट्याएवढा."

"खराच मा?"

"सुकतीक खराच. सुकती म्हंजे समुद्र जेवन झोपता तेवा."

"आणि जागो झालो तर?"

"जागो झालो तर तुका इचारूनच उठतलो."

अशी मी बोलत होते. समुद्र जसा काही आमच्या परड्यातला.

आता तो दिवस सांगते. शिवरात्र दुसऱ्या दिवशी होती, पण सगळ्यांच्या तोंडात सकाळपासून शिवरातच. शिवराती, शिवराती, मुलं ओरडतायत, बायका फराळाचं बोलतायत, ढोलवाले ढोलाला ताण देताना शिवरातीचं बोलतायत. आईंनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, त्यांचा प्रदोष होता. खाडीवर पोचायला देवांना उशीर झाला, कारण दर घरासमोर देव थांबतात, तरंग घेणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात, आणि आता घरं पहिल्यापेक्षा जास्त झाल्यात. काठावर पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. खाडी सुकलेली, मधलं काळं खडप, म्हणजे खडक, उघडं, चिखलावर कुर्ल्या धावतायत, पलीकडचं माणूस ओळखता येत होतं पण त्याची हाक ऐकू येत नव्हती, एवढं अंतर.

आमचे तात्या, गावचे मानकरी, गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे, सत्तरीचे, काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. सगळ्या पुरुषांना सोडून त्यांनी बायकांकडे बघितलं. "आमच्यात दर्यावरची कोण आसा? गो चेडवा, सांग बगया, पाणी कसा आसा?"

मला विचारलं. आख्ख्या गावासमोर, देवासमोर, मला.

बाबांनी मला लहानपणी होडीत बसून पाऊणकीचा पाढा शिकवला होता. शाळेत तो कुणी शिकवत नाही. एक पाऊण, दोन दीड, तीन सव्वादोन, चार तीन. तिथीला पाऊणकी लावायची, येईल तेवढ्या वाजता भरती. त्याच्यापुढे सव्वासहा तास सुकती, म्हणजे ओहोटी, आणि मग पाणी परत चढायला लागतं. शाळेतलं सगळं विसरले, हा पाढा विसरले नाही. मी सावीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला आणि मोठ्याने म्हटलं, "चौदा साडेदहा. साडेदहाक भरती, म्हंजे पावणेपाचाक पुरती सुकती. तात्यानू, अजून पाणी उतारता. देवाक वायच विसावो घेवंदेत, मगे सुखान जावया."

तात्यांनी मान हलवली. देव बसवले. काठावरच्या वाडीतल्या बायकांनी कोकमाचं सरबत आणलं. माणसं कांदळाच्या सावलीत आडवी झाली. मी उभीच होते. बसलेला पाय उठत नाही म्हणून नाही, मला बसावंसंच वाटत नव्हतं. एवढी उंच मी कधीच झाले नव्हते.

पाच वाजून गेल्यावर देव उठले. तरंग पाण्यात शिरले तेव्हा मांडीएवढं पाणी होतं. मी म्हटलं, एवढं कसं. पण देव पुढे गेले होते, ढोल पुढे गेला होता, मागे फिरायचं नाही. मग बायका. त्या हसत, एकमेकींचे पदर धरून, सपासप गेल्या. आईंचा गुडघा पाण्यात चालेना म्हणून आम्ही मागे पडलो. खडपाजवळ पोचले, तिथे पाण्यावर कांदळाचं एक पिवळं पान दिसलं. ते माझ्या पोटाला घासून गेलं. आत गेलं. समुद्राकडे नाही, आत, डोंगराकडे.

पाणी वर चढत होतं. कधीपासूनचं चढत होतं.

तेव्हा मला कळलं. शिवरात म्हणजे चौदस, ती उद्या. आज तेरस. तेरा पावणेदहा. पावणेदहाला भरती झाली, चारलाच सुकती संपली, आणि मी पाऊण-एक तास आख्ख्या गावाला सरबत पाजत चढत्या पाण्याच्या काठावर बसवलं. वर अवसेजवळचं उधाण, हे पाणी चालत येत नाही, धावत येतं. तो आकडा अजून कधी कधी तोंडात येतो, भाकरी थापताना, पोरीची वेणी घालताना, कारण नसताना.

आणि तेव्हाच हात सुटला.

सावीचे बाबा पलीकडच्या काठावर होते. त्यांच्या खांद्यावर अब्दागीर. ती देवाच्या मागून खाली ठेवता येत नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावी लागते, आणि ते द्यायला माणूस शोधत होते, मला लांबून दिसत होतं. हाक मारली तर ढोलात ऐकू जाईना.

खडप छातीएवढ्या उंचीचं, त्याचा माथा अजून सुका होता. मी सुमनवयनीला ढकलून वर चढवलं, कालवांच्या शिंपल्यांनी तिचे तळवे फाटले, आणि सावीला तिच्या हातात दिलं. सावीने माझे केस सोडले नाहीत. मुठीत केस घेऊनच ती गेली.

"माका पवाक येयत नाय गो," सुमन म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"पवाचा नाय तुका. नुसती उभी ऱ्हव. हलू नको. पाणी पायाक लागला तर चेडवाक डोक्यार घे."

"आणि डोक्याक लागला तर?"

"त्याच्याआधी मी येतलंय."

मी कशाच्या जोरावर बोलले मला माहीत नाही. मी वळले. मागे सावी ओरडत होती, आये, आये, आये, एकाच सुरात, गाडीचा भोंगा अडकतो तशी. मी मागे बघितलं नाही.

आई तशाच उभ्या. पाणी गळ्याशी आलं होतं. मी जवळ गेले तर पहिलं वाक्य काय, "फाटी फिरलंस? देवाच्या वाटेर?"

"पाय खंय अडाकलो?"

"चेडू खंय आसा?"

"खडपार."

"मगे माज्याकडे कित्याक मराक इलंस? जा."

मी ऐकलं नाही. रुतलेला पाय वर ओढायचा नसतो, ओढला की अजून जातो. बाबांनी शिकवलेलं. पाठीवर पडायचं, अंग पाण्याला द्यायचं, गुडघा बाजूला वळवायचा, मग चिखल आपोआप सोडतो. मी त्यांच्या मागे गेले. म्हटलं, "आई, पाठीर पडा. माज्यार पडा."

त्या पडेनात. आयुष्यभर कुणाच्या आधाराने बसल्या नाहीत त्या, भिंतीला टेकून पण बसत नाहीत.

"तांदूळ भिजतले."

"भिजांदेत."

मग त्या पडल्या. एकदम, सगळ्या अंगाने, माझ्या छातीवर. एवढ्या हलक्या असतील असं वाटलं नव्हतं. मी पाण्याखाली हात घालून दुखरा गुडघा बाजूला वळवला, त्या तोंडातून नुसता श्वास सोडत होत्या, आणि पाय सुटला. हनुवटीखाली हात धरून मी त्यांना ओढत नेलं. त्यांनी तांदळाची पिशवी पोटावर धरली होती, दोन्ही हातांनी, पोर धरावं तशी.

खडपाकडे जाताना मला आवाज आला. सुमनवयनीचा. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी, सावी डोक्यावर, आणि ती मोठमोठ्याने गाऱ्हाणं घालत होती. तात्या गाऱ्हाणं घालतात तेव्हा तात्या बोलतात आणि गाव "होय महाराजा" म्हणतं. इथे ती एकटीच. "बा देवा महाराजा, आमची जाव पाण्यात गेली आसा तिका फाटी हाड," आणि स्वतःच, "होय महाराजा." "ह्या चेडवाक राखणदार ऱ्हव," आणि स्वतःच, "होय महाराजा." सावी रडायची थांबून वरून तिच्यासोबत म्हणत होती, होय म्हालाजा.

तेवढ्यात होडी आली. पलीकडच्या वाडीतल्या माणसांची. पुढल्या टोकाला तात्या उभे, काठी हातात, धोतर भिजलेलं. सावीला त्यांनी लगेच माझ्याकडे दिलं नाही, आधी आईंना घेतलं, मग सुमनला, मग मला, आणि मग सावीला माझ्या मांडीवर ठेवलं. तिच्या मुठीत अजून माझे चार केस होते.

त्या संध्याकाळी मुक्काम एका मांगरात, शेतावरच्या खोपटात होता. शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात पेंढा, बाहेर चुलीवर चहा. माझ्या पायांचे तळवे खडपावरच्या कालवांनी कापले होते, भिरंडेल भरलं तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्याने रडले, आणि सगळ्यांना वाटलं पायामुळे. बायका येऊन जवळ बसत होत्या. "धन्य गो तुजी." "सासू म्हणान कोण जाता असा?" आणि एक-दोघी हळूच, मला ऐकू येईल एवढ्याच हळू, "पण पोटचा चेडू खडपार ठेवून? माज्यान होवचा नाय."

दुसऱ्या दिवशी मी चालले. तात्या म्हणाले, गाडी बोलावया, देव काय रागावचो नाय. मी नाही म्हटलं. फडकं गुंडाळून कापलेल्या पायांनी मी कुणकेश्वरापर्यंत चालले, आणि सावीला कुणाच्या खांद्यावर दिलं नाही. शेवटचा सडा चढला की एकदम खाली देवळाचा कळस आणि त्याच्यामागे समुद्र दिसतो, निळा, चकाकणारा, जसं काही त्याने काही केलंच नाही. तिथे फडकं लाल झालं होतं. ते चालणं मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि त्याची लाज मला कधीच वाटणार नाही.

अवसेला तीर्थाच्या वेळी तरंग लाटेत शिरले, सगळा गाव त्यांच्यामागे. मी वाळूत उभी राहिले. पाय पुढे जाईना. समुद्राकाठी वाढलेली मी. तात्यांनी वाटेत मागे फिरल्याबद्दल माझ्या नावाने गाऱ्हाणं घातलं, चुकली असेल तर पदरात घे, आणि गाव होय महाराजा म्हणालं. आई माझ्याजवळ आल्या. माझं मनगट धरलं, त्याच हाताने, आणि पाण्यात घेऊन गेल्या. एवढं घट्ट धरलं होतं की पाच बोटं घरी येईपर्यंत दिसत होती.

पण मोजणीचं मी कुणाला सांगितलं नाही. गाव म्हणालं, देवाला उशीर झाला, यंदा पाणी लवकर फिरलं. सासूला वाचवणारी सून म्हणून माझं नाव झालं, आजूबाजूच्या वाड्यांत झालं, लग्नाकार्यात बायका बोट दाखवून सांगतात, तीच ती. ऐकताना छाती फुगते, खोटं कशाला सांगू. आणि त्याच्या खाली कुठेतरी अंगठा पेरांवर फिरत असतो. चौदा नाही. तेरा. तेरा पावणेदहा.

यंदा देवाने पुन्हा कौल दिलाय. काल दुपारी तात्या आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आले. आता काठीवर जास्त वाकलेत. आई कुळीथ पाखडत बसल्या होत्या, सुमनवयनी चहा घेऊन आली. तात्या म्हणाले, "ह्या वर्सा पण बायकांच्या फुडे तूच चलाचा. आणि खाडयेचा पाणी तूच सांगाचा. दुसऱ्या कोणाक मी इचारूचंय नाय."

मी दाराची चौकट धरली. गप्प राहिले तर पुढची जागा माझी, सांगितलं तर कोण मला विचारणार, कोण माझ्यामागे पोरं घेऊन पाण्यात उतरणार. आणि तरी तोंडातून निघालं.

"तात्यानू, तेवा माजी चूक झाली. तेरस होती. मी चवदा मोजलंय. पाणी लवकर फिराक नाय. मीच तुमकां बसवलंय."

तात्यांनी चहा बशीत ओतला. सुपाचा आवाज तेवढा चालू होता, फट, फट.

मग आई मान वर न करता म्हणाल्या, "माका म्हायत आसा."

"काय म्हायत आसा?" तात्या.

"तिना चवदा मोजलान ता. मी तिच्या फाटी उभी होतंय. माजो त्या दिवसा प्रदोष. प्रदोषाक तेरस नाय तर काय अष्टमी आसता?"

"मगे वयनी, तोंडात काय मीठ धरला होतास? बोलाचा नाय?"

आईंनी सूप खाली ठेवलं. "तुमी आख्ख्या गावाच्या देखत तिका इचारलात. ह्या घरात सून होवन इल्यापासून तिका कोणी कायएक इचारूक नाय, मी पण नाय. पयल्यांदा कोणीतरी इचारल्यान, आणि ती ताठ उभी ऱ्हवान सांगता हा. थंय मी तिका खोटी पाडू? म्हटलंय, एक तिथ काय ती. आमी काय व्हावान जातलंव?" मग म्हणाल्या, "जायत होतंव."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी ज्या गर्वाने आम्हाला बुडवलं तो माझा एकटीचा होता.

तात्या बशीतला चहा संपवून म्हणाले, "म्हंजे सासू-सुनांनी मिळान देव बुडवूचो बेत केल्यानी होतो." सुमनवयनी आधी हसली, मग तात्यांना ठसका लागला. उठताना म्हणाले, "फुडे तूच. पण ह्यावेळेक मोठ्यान मोज. तिथ सासवेन सांगाची, पाढो तू म्हणाचो. आणि आमी सगळे आयकतलंव."

ते गेल्यावर आई परत सूप हातात घेऊन म्हणाल्या, "इलंस तर." दुसरं काही नाही.

सावी आता सातची झाली. आठ दिवस झाले, ती घरात चप्पल घालत नाही, टाचा घट्ट करायच्या म्हणून. खळ्यात गोल गोल फिरते आणि पाऊणकी म्हणते. बारा नऊ, तेरा पावणेदहा, चौदा साडेदहा. तेरावर जोर देते, मीच शिकवलंय तसं. आज सकाळी मी तिच्या टाचांना भिरंडेल लावत होते. ऊन खळ्यात अर्ध्यापर्यंत आलं होतं, काजूचा वास होता. ती म्हणाली, "आये, सुमनकाकी सांगी होती. तू माका खडपार ठेवलंस आणि आज्येक हाडूक गेलंस."

"होय."

"मी रडी होतंय?"

"होय."

"तू फाटी बघलंस काय?"

मी तिचा पाय धरून बसले. खोटं सांगता आलं असतं. ती लहान आहे, तिला काय कळणार. पण एकदा चौदा सांगून बघितलं होतं मी.

"नाय," मी म्हटलं. "बघलंय आसता तर माजो पाय उठाक नसतो."

तिने थोडा विचार केला. "मगे आजी व्हावान गेली आसती," म्हणाली, पाय सोडवून घेतला आणि खळ्यात पळाली. बारा नऊ, तेरा पावणेदहा.

तिचं तेवढ्यावर मिटलं. माझं मिटत नाही. चार दिवसांनी मी परत त्या काठावर उभी असेन, पुढे, ताठ, सगळ्या बायका माझ्या मागे, सावी माझ्या हाताला धरून. मी घाबरलेय आणि मी जाणार आहे. पण आता भाकरी थापताना, पाणी भरताना, मला पोचलेली माणसं दिसत नाहीत, होडी दिसत नाही. मी परत त्या पाण्यात असते. एका बाजूला वर केलेला हात, त्यात देवाचे तांदूळ. दुसऱ्या बाजूला खडप, त्यावर माझी पोर, तिच्या मुठीत माझे केस. पान आत चाललंय. तोंड एकाच बाजूला करता येतं.

तुम्ही तिथे असतात तर काय केलं असतंत?